कुठूनही विचारा

माझा व्यवसाय सांगितला की मराठी माणूस आधी थबकतो आणि मग हसतो. आयर्लंडमधल्या लिमरिकच्या गणपतीत दरवर्षी एखादं नवं जोडपं भेटतं. तो हॉस्पिटलात डॉक्टर असतो, ती आयटीत.

"तुम्ही काय करता?"

"फ्रेंच शिकवते. ट्रलीजवळच्या शाळेत."

"म्हणजे आयरिश मुलांना फ्रेंच... तुम्ही?"

त्या 'तुम्ही'वर जो जोर असतो त्याची मला आता सवय झाली आहे. पूर्वी मी खुलासे देत बसायची. आता प्रसादाचा द्रोण हातात धरून शांतपणे सांगते, "हो, मीच. आणि बरी शिकवते." मग पुढचा ठरलेला प्रश्न येतो, की फ्रेंचच शिकायचं होतं तर फ्रान्सला का नाही गेलात? त्याचं उत्तर अगदी साधं आहे. मला जो अभ्यासक्रम हवा होता तो इथल्या एका विद्यापीठात पूर्ण फ्रेंचमधून होता आणि वर्गाबाहेर पोटापाण्यापुरती इंग्रजी चालत होती. वर्गात फ्रेंच आणि दुकानाच्या गल्ल्यावर इंग्रजी, असा माझा हिशेब होता. त्या गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण गावात विद्यापीठ एकच आहे आणि मला कुणाची उणीदुणी काढायची नाहीत. भांडण झालं, ते मिटलंही. पण ते सांगायचं मात्र आहे.

मी मूळची कराडची. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि घरी आली तरी तिची शाळा सुटत नसे. पोळ्या लाटता लाटता ती पाढे विचारायची, तेही ओळीने नाही. "तेरा सत्ते?" की मी मनातल्या मनात तेरा एके तेरापासून धावत यायची. तिला ते बरोबर कळायचं. "पळत येऊ नकोस. तिथेच राहायला शीक," म्हणायची. तेव्हा मला याचा अर्थ कळत नव्हता, फक्त राग यायचा.

पुढे पुण्याला अकरावीत मी फ्रेंच घेतलं. आवड म्हणून नव्हे, मार्क मिळतात म्हणून. महाराष्ट्रातल्या हजारो मुलांनी याच कारणासाठी फ्रेंच घेतलेलं आहे, त्यात लाजायचं काही नाही. ठरावीक धडे, ठरावीक प्रश्न, बरीचशी उत्तरं इंग्रजीत लिहिली तरी चालायची. पण मला त्या भाषेचं वेड लागलं. पुढे मी तेच घेऊन पदवी केली, क्लासेस केले, परीक्षा दिल्या. सगळं कसं केलं? पाठ करून. धडे पाठ, क्रियापदं पाठ, निबंध पाठ. मला फ्रेंच येत होतं यात शंका नाही. पण ते मला ज्या क्रमाने येत होतं त्याच क्रमाने येत होतं.

इथल्या विद्यापीठात पहिल्या तासाला आमच्या फ्रेंच प्राध्यापिका मादाम ब्रिसो वर्गात आल्या, कोट खुर्चीवर टाकला आणि खिडकीकडे तोंड करून बोलायला लागल्या. दोन तास बोलत होत्या. मी पुण्यात ऐकलेलं फ्रेंच हे मास्तरांचं फ्रेंच होतं, प्रत्येक शब्द वेगळा ताटात वाढलेला. इथे सगळं एकाच पातेल्यात होतं. मला गावांची नावं कळली, सनावळ्या कळल्या आणि मध्येच एकदा सगळे हसले ते दिसलं. मीही हसले. बाकीची मुलं आयरिश होती आणि बहुतेकांनी फ्रान्समध्ये एक वर्ष काढलेलं होतं. ती मान खाली घालून भराभर लिहून घेत होती. मीही लिहून घेतलं, पण काय लिहिलं ते घरी आल्यावर मलाच वाचता येईना.

त्या आठवड्यात कार्यालयातल्या एका गोड बाईंनी मला बोलावलं. इथला माणूस तुम्हाला तोंडावर कधी नाही म्हणत नाही. तो 'ग्रँड' म्हणतो. तुम्ही ग्रँड आहात, सगळं ग्रँड होईल, आणि या ग्रँडच्या आडून तुम्हाला अलगद दाराबाहेर नेऊन सोडतो. "हेच विषय इंग्रजीतूनही आहेत," बाई म्हणाल्या. "त्यात कमीपणा काही नाही. यू'ड बी ग्रँड." मी आभार मानले आणि बाहेर आले. कुणी उद्धटपणे बोललं असतं तर मला सोपं गेलं असतं. प्रेमाने दिलेला सल्ला झिडकारायला जास्त बळ लागतं. मी झिडकारला. इंग्रजीतून फ्रेंच मी पुण्यातच शिकले होते. त्यासाठी समुद्र ओलांडून यायचं काय कारण होतं?

हळूहळू कान बसला. पण खरी परीक्षा होती ती एक्स्पोझेची. बाहेरच्या वाचकासाठी सांगते, एक्स्पोझे म्हणजे विद्यार्थ्याने वर्गासमोर उभं राहून एका विषयाची केलेली मांडणी. तिची चाल ठरलेली असते. आधी एक बाजू, मग तिच्या विरुद्धची बाजू, शेवटी दोन्हीतून वाट काढायची. हातात फक्त मुद्दे ठेवायचे आणि बोलायचं. मला विषय मिळाला होता आठवडी बाजार. बाजार हा व्यापार आहे की माणसांच्या भेटीगाठीची जागा, असा प्रश्न. कराडच्या पोरीला बाजार शिकवायची गरज नव्हती. मी शब्दकोश उघडून एकेक वाक्य घासलं, पुसलं, पुन्हा घासलं, आणि सगळं अथपासून इतिपर्यंत पाठ केलं. हातात मुद्द्यांचा कागदसुद्धा घेतला नाही. आपल्याकडे कागद न घेता बोललं की लोक काय हुशार आहे म्हणतात. मला वाटलं, इथेही म्हणतील.

सुरुवात झकास झाली. दुसऱ्या भागात मादामनी हात वर केला. "थांबा. बाजारात ओळख महत्त्वाची असं तुम्ही म्हणालात. का?"

मी थांबले, आणि डोक्यातलं पुढचं सगळं नाहीसं झालं. मग मी जे केलं ते पाढे म्हणत वाढलेलं कुठलंही मराठी मूल करेल. मी त्या भागाच्या पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा त्याच जागी आले. मादामनी पुन्हा अडवलं. मी पुन्हा पहिल्यापासून. मागच्या बाकांवर कुणीतरी हसू दाबलं. तिसऱ्यांदा मादाम तोच प्रश्न विचारत बसल्या नाहीत.

"हा मजकूर कुणाचा आहे?" त्या म्हणाल्या.

"माझा."

"तुमच्या बोलण्यात इतक्या चुका असतात. यात एकही नाही. मी पुन्हा विचारते, कुणाचा आहे?"

चोरी मी आयुष्यात केली नव्हती, आणि पंधरा माणसांसमोर माझ्यावर चोरीचा आळ आला होता, तोही मी रक्त आटवून केलेल्या कामावर. मी पुन्हा म्हटलं, "माझा आहे, मादाम." आणि जागेवर जाऊन बसले.

प्रकरण विभागप्रमुखांकडे गेलं. आळ खरा ठरला तर विषय रद्द, विषय रद्द तर अभ्यासक्रम गेला आणि अभ्यासक्रम गेला की इथे राहण्याची परवानगी संपली. म्हणजे परत कराड. विभागप्रमुख मऊ स्वभावाचे आयरिश गृहस्थ होते. त्यांनी चहा दिला, हवेबद्दल बोलले आणि मग म्हणाले, "तू आपणहून इंग्रजीच्या वर्गात गेलीस, तर हे इथेच संपेल. कुणी एक अक्षर बोलणार नाही."

"आणि फ्रेंचचा वर्ग?"

"तो राहू दे ना. कशाला त्रास करून घेतेस?"

मी विचार करायला आठवडा मागून घेतला.

माझ्याबरोबर घरात राहणारी ओर्ला माझ्याच वर्गात होती, केरी परगण्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. सरळ, तोंडाने फटकळ, मनाची मोठी. ती म्हणाली, "घेऊन टाक ना ते, वुड यू! युअर मॅन तुला सुटायची वाट दाखवतोय." इथे कुठल्याही पुरुषाचा उल्लेख 'युअर मॅन' असा करतात, त्याचा तुमच्याशी काही संबंध नसला तरी.

"मी गेले तर त्याचा अर्थ काय होईल?" मी विचारलं.

"काय होणार?"

"मी चोरी केली असा होईल. फक्त कुणी बोलणार नाही, एवढंच."

ओर्ला म्हणाली, "पण तू पहिल्यापासून का सुरू करत होतीस, सांग ना मला. तेवढंच कळत नाही. ज्याने लिहिलंय त्याला मधलं यायला नको?"

त्या प्रश्नावर मला एकदम आई आठवली. पळत येऊ नकोस, तिथेच राहायला शीक. मी माझा मजकूर ओर्लाच्या हातात दिला आणि म्हटलं, "मी स्वयंपाक करते. तू मला कुठूनही विचार. ओळीने नाही, कुठूनही."

तो आठवडा आमच्या स्वयंपाकघरात आईची शाळा भरली. मी कणीक मळायची आणि ओर्ला टेबलावर पाय टाकून बसायची. "तिसरा परिच्छेद, मधलं वाक्य." मी पहिल्यापासून धावत आले की ती लगेच ओरडायची, "नो! नो रनिंग!" मी मसाल्यासाठी प्रेस उघडायची (प्रेस म्हणजे इथे भिंतीतलं कपाट), तेवढ्यात ती शेवटचा भाग विचारायची. पीठ सांडलं, पोळ्या करपल्या, एकदा मी लाटणं आपटून रडलेसुद्धा. पण आठवडा संपता संपता त्या मजकुरातल्या कुठल्याही वाक्यात मी सरळ दार उघडून शिरायला लागले. आणि शिरल्यावर दिसायला लागलं की काही वाक्यं मला आता पटतच नाहीत. हे मला नवीन होतं. ओळीने म्हणताना मी त्या वाक्यांशी कधी भांडले नव्हते. ओर्ला म्हणाली, "तुझी मॅम म्हणजे भयंकर बाई दिसते." मॅम म्हणजे इथे आई. मी म्हटलं, "आहेच."

इंग्रजीच्या वर्गात जाणार नाही, असं मी कळवलं आणि चौकशीच्या ठरलेल्या दिवशी खोलीत आम्ही तिघंच होतो. विभागप्रमुख, मादाम आणि मी. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी फ्रेंचमध्येच म्हटलं, "मजकूर तुमच्यासमोर आहे. कुठूनही विचारा."

मादामनी चष्मा लावला. मधली एक ओळ विचारली, मी तिच्या पुढची सांगितली. शेवटची विचारली, आधीची सांगितली. पाच-सहा वेळा हे झाल्यावर त्यांनी कागद उलटा ठेवला.

"तुमची स्मरणशक्ती उत्तम आहे. पण त्यावरून हे तुम्ही लिहिलंय असं ठरत नाही."

त्यांचं बरोबर होतं. मलाही ते माहीत होतं.

"मग मी याच्या विरुद्ध बोलते," मी म्हटलं. "यात मी म्हटलंय की बाजार हा शेवटी माणसांच्या ओळखीवर चालतो. आता मला ते पटत नाही."

आणि मी बोलायला लागले, काही न घासता, काही न पुसता. काळ चुकत होते, लिंगं चुकत होती, एका वाक्याचं शेपूट दुसऱ्याला लागत होतं. मी माझ्या आईबद्दल सांगितलं. भाजीवालीशी तिची वर्षानुवर्षांची ओळख. एकमेकींची बाळंतपणं त्यांना माहीत होती. तरी आई मेथीची जुडी उलटीपालटी करून बघितल्याशिवाय पिशवीत टाकत नसे आणि भाजीवालीही वर एक काडी जास्त घालत नसे. ओळख ओळखीच्या जागी, मेथी मेथीच्या जागी. बाजारात ओळख असते ती व्यवहार चोख असतो म्हणून टिकते, असं काहीतरी मी म्हणत गेले. मेथीला फ्रेंच शब्द त्या क्षणी सुचेना, तेव्हा हातांनी जुडी दाखवली. मादाम, ज्या वर्गात माझी एकही चूक सोडत नसत, त्या दिवशी मध्ये एकदाही बोलल्या नाहीत.

मी थांबले तेव्हा त्या म्हणाल्या, "हे तुम्ही त्या मजकुरात का घातलं नाहीत? हे त्याच्याहून चांगलं आहे."

"कारण तो मजकूर पाठ केल्याशिवाय मला हे सुचलं नसतं."

विभागप्रमुखांनी समाधानाने मान डोलावली आणि कागद आवरायला घेतले. दारापाशी मादाम म्हणाल्या, "पुढच्या वेळी पाठ करून येऊ नका."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि राहायची परवानगी नुकतीच कशीबशी वाचली होती. गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हटलं, "पुढच्या वेळीही पाठ करूनच येणार, मादाम. तुम्ही मध्ये थांबवा."

त्यांनी थांबवलं. पुढच्या एक्स्पोझेत इतक्या वेळा थांबवलं की तिसऱ्या भागापर्यंत मी पोहोचलेच नाही, आणि मार्क बेताचेच मिळाले. पण मी एकदाही पहिल्यापासून सुरू केलं नाही. त्या दिवशी ओर्ला आणि मी घरी बशीत चहा ओतून फुर्रकन प्यायलो. तिला ती पद्धत फार आवडली.

मादामनी माफी कधी मागितली नाही आणि मीही कधी मागायला लावली नाही. काही वर्षांनी त्या निवृत्त होऊन फ्रान्सला परत गेल्या. याची मात्र मला खंत आहे. एकदा तरी त्यांच्यासमोर बसून कॉफी प्यायला हवी होती. भांडायला इतकं चांगलं माणूस मला पुन्हा मिळालं नाही.

ओर्लाच्याच ओळखीने मी केरीला आले, शिक्षकाची पात्रता मिळवली आणि शाळेत लागले. शाळेत प्रौढांसाठी संध्याकाळचा वर्गही घ्यायचे. तिथे आलेला डोनल मला जन्मभर आठवेल. गुरं पाळणारा साठीचा गडी. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मला तुमचं व्याकरण नको. मला बैल हवाय." फ्रान्समधून पांढरा शारोले जातीचा बैल आणायचा होता आणि मधल्या दलालावर त्याचा विश्वास नव्हता. मी त्याला सगळे प्रश्न फ्रेंचमध्ये लिहून दिले. वय काय, पाय कसे, मारका आहे का. तो गुरांमागे चालत ते पाठ करायचा. आणि मी त्याला आईसारखी मधूनच विचारायची. "डोनल, तो फ्रेंच शेतकरी तुझ्या यादीप्रमाणे थोडाच बोलणार आहे!" तो कुरकुरायचा, पण करायचा. बैल आला, देखणा आला. त्याचं नाव त्याने 'प्रोफेसर' ठेवलं. हा माझा सत्कार समजावा की काय, हे मी अजून ठरवलेलं नाही.

इथे येऊन कळलेली एक गंमत सांगते. मला वाटायचं घोकंपट्टी ही फक्त आपली बदनामी. पण इथली मुलंही शालान्त परीक्षेसाठी, जिला लीव्हिंग सर्ट म्हणतात, फ्रेंचचे परिच्छेदच्या परिच्छेद पाठ करतात. फक्त ते त्याला 'लर्निंग ऑफ' म्हणतात, म्हणून ते भारदस्त वाटतं. शिक्षकांच्या खोलीत यावर नाकं मुरडणं चालू असतं. मी मुरडत नाही. मी माझ्या वर्गाला उघड सांगते, पाठ करा, खुशाल करा. फक्त मी मधून विचारणार. घरी माझा मुलगा मात्र मला दाद देत नाही. मी "तेरा सत्ते?" विचारलं की अस्सल केरीच्या हेलात म्हणतो, "मॅम, यू'र पिओर क्रॅक्ड." म्हणजे मला वेड लागलंय. कळतं सगळं, उत्तर इंग्रजीत.

शेवटची गोष्ट अलीकडची आहे. तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून आम्हाला दुसऱ्या शाळांत पाठवतात. विद्यार्थी एकटा समोर बसतो, फ्रेंचमध्ये गप्पा मारायच्या आणि सगळं रेकॉर्ड होतं. पाठ केलेलं वाटलं तर मध्ये तोडून विषय वळवायचा, असा रिवाज आहे. समुद्राकाठच्या एका छोट्या शाळेत एक मुलगी आली. तिला मी ईफा म्हणते, खरं नाव वेगळं आहे. बाप मच्छीमार. बसल्या बसल्या तिने बापाच्या बोटीबद्दल बोलायला सुरुवात केली, गुळगुळीत, एकही चूक नाही. मी रिवाजाप्रमाणे मध्ये थांबवलं आणि विचारलं, "हिवाळ्यात बोट कुठे असते?"

ती थांबली. मग तिने एक श्वास घेतला आणि बोटीच्या पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात केली.

मी तिला तोडलं नाही. पूर्ण म्हणू दिलं. मग हळूच मधलं एक वाक्य विचारलं. मग शेवटचं. ती अडखळली, लाल झाली. मी वाट पाहिली. शेवटी विचारलं, "आणि तुला आवडतं का हे सगळं?" तेव्हा ती मोडक्यातोडक्या, चुकांनी भरलेल्या फ्रेंचमध्ये म्हणाली की तिला बोट आवडत नाही, मासा तर अजिबात आवडत नाही, बाबा घरी आले की त्यांच्या हातांना वास येतो, आणि ते एखाद्या दिवशी उशिरा आले की तोच वास यावा म्हणून ती दारात उभी राहते.

मी तिला चांगले मार्क दिले.

पुढे रेकॉर्डिंग तपासणाऱ्या वरिष्ठ परीक्षकांचा फोन आला. सभ्य गृहस्थ. "ही मुलगी सगळं पाठ करून आली होती हो," ते म्हणाले. "तुमच्या लक्षात नाही आलं? तुम्ही तिला पुन्हा पहिल्यापासून म्हणू दिलंत."

"आलं ना लक्षात. शेवटचं ऐकलंत का?"

"ऐकलं. ते ठीक आहे, ते तिचं स्वतःचं आहे. पण आधीचं..."

"आधीचंही तिचंच आहे," मी म्हटलं. "मी मार्क कमी करणार नाही. रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे. कुठूनही ऐका."